व्हॅलेन्सियात चार दिवस, एक शाकाहारी आणि एक मटणवाला: जेवायचं कुठं?

विश्रामबागची काकू

नमस्कार मंडळी. लेक बार्सिलोनात नोकरीला आहे. मे महिन्यात आम्ही दोघं तिच्याकडं चाललोय आणि मधले चार दिवस स्पेनमधलंच व्हॅलेन्सिया ठरलंय. त्यातले दोन दिवस तिला रजा नाही, ती खोलीवर लॅपटॉप घेऊन बसणार आणि आम्ही दोघंच फिरणार.

अडचण खाण्याची. मी शाकाहारी, अंडं चालतं. हे पक्के मटणवाले, पण मासा नको, "काटे काढत कोण बसतंय" म्हणतात. ह्यांना साखरेच्या गोळ्या आहेत, त्यामुळं जेवणाची वेळ चुकवून चालत नाही. सांगलीत आम्ही रात्री आठला जेवतो आणि साडेनऊला दिवा बंद. गुरुवारी माझा उपवास असतो, आणि नेमका एक गुरुवार त्यात येतोय.

कृपया भारतीय हॉटेलं सांगू नका. पोळी-भाजी इथं रोज आहेच. नेटवर बघितलं तर प्रत्येक जण वेगळं सांगतोय, पिवळ्या भाताचा फोटो मात्र सगळीकडं तोच.

कंदी पेढा, सातारा

काकू, सरळ भाजणी, मेतकूट आणि ठेचा बांधून न्या. मी कंपनीच्या कामानं तीन दिवस होतो, वाळका पाव आणि बटाटा खाऊन काढले. सहा वाजता भूक लागली तर सगळीकडं "स्वयंपाकघर बंद".

संगमकाठ

काकू, मी हरिपूरचा. व्हॅलेन्सियात तीन वर्षं काढली, आधी शिकायला आणि मग नोकरीला. पेढ्यांचं मनावर घेऊ नका, त्यांचं घड्याळ चुकलं. त्या गावात कुठं खायचं यापेक्षा केव्हा खायचं हे जास्त महत्त्वाचं. मलाही ते उशिरानंच कळलं.

पहिल्याच आठवड्यात मी संध्याकाळी सात वाजता समुद्राजवळच्या एका हॉटेलात बसलो. दारात सहा भातांचे रंगीत फोटो लावलेला फलक. एकट्यासाठी पाएया, म्हणजे तुमच्या फोटोतला तो पिवळा भात, मागवला, दहा मिनिटांत समोर. सात वाजता, एकट्याला आणि दहा मिनिटांत, या तिन्ही गोष्टी धोक्याच्या होत्या हे नंतर कळलं. तो भात दुपारचा आहे. दोन ते चारच्या मधे खातात, रात्री जड पडतो म्हणून घरची माणसं त्याला हात लावत नाहीत. चांगल्या ठिकाणी दोन माणसांच्या खाली लावतच नाहीत, आणि मागवल्यापासून पाऊण तास तरी जातो. माझ्यापुढं आलेला बर्फातनं काढून गरम केलेला होता, वर हळदीच्या पोत्यात पडल्यासारखा पिवळाधमक. आमच्या गावानं आख्ख्या जिल्ह्याची हळद पेवांत साठवली. हरिपूरच्या पोराला पिवळा रंग काय शिकवायचा? केशरानं भात एवढा पिवळा होत नाही. तिथं बऱ्याच घरीसुद्धा केशर महाग म्हणून रंगाची पुडी टाकतात, तेव्हा रंगावर जाऊ नका.

पाएया हे मुळात भांड्याचं नाव. उथळ, पसरट, दोन कानांची लोखंडी परात म्हणा. आणि मूळचा भात शेतावरचा, समुद्रावरचा नव्हे: कोंबडी, ससा, चपट्या हिरव्या शेंगा, गार्रोफो नावाचा मोठा पांढरा पावटा, टोमॅटो, केशर, ऑलिव्हचं तेल. काही ठिकाणी गोगलगायसुद्धा. काकांनी डोळे झाकून "पाएया बालेन्सियाना" मागवावा, मासा नाही. मटणाची सर येणार नाही, पण ससा आवडेल. भाताचा थर बोटभरही नसतो. तळाला खरपूड धरते तिला सोकारात म्हणतात, आणि ती कुणाच्या वाट्याला किती यावरनं टेबलावर कुरबुरी होतात. आपल्याकडं भाताला खरपूड धरली की करणारीला बोलणी बसतात, तिथं नाही धरली तर आचाऱ्याला.

एकच दुपार खर्च करायची असेल तर मालवारोसाच्या किनाऱ्याकडचं कासा कार्मेला. १९२२ पासूनचं आहे, संत्र्याच्या लाकडाच्या जाळावर भात लावतात. पण लेकीला आत्ताच जागा राखून ठेवायला सांगा, आणि कुठला भात हवा तेही तेव्हाच सांगायचं. मी होतो तेव्हा चांगल्या जागी माणशी १८ ते २५ युरो पडायचे. तिथल्याच किनाऱ्यावरचं ला पेपिका १८९८ चं, नाव फार मोठं, पण तिथं जाणारी माणसं मासे-कोळंबीसाठी जातात. काकांच्या उपयोगाचं नाही.

आता माझं खरं प्रेम. न्याहारी. आपल्याकडं रानात दहाच्या सुमाराला भाकरी सोडतात ना, अगदी तेच तिथं आहे. नाव एस्मोरझारेत. शहराभोवती भाजीपाल्याची रानं आहेत, तिथल्या शेतकऱ्यांची ही पद्धत, आणि आता बँकेतला साहेबही साडेनऊ ते साडेअकराच्या मधे उठून जातो. हातभर लांबीचा पाव, आत जे सांगाल ते. पण त्याच्या आधी टेबलावर न मागता काय येतं माहितीये? ऑलिव्ह आणि सालीसकट भुईमुगाच्या शेंगा! मला पहिल्यांदा आल्या तेव्हा मी चक्क आईला फोन लावला. फोलपटं टेबलावरच टाकायची. शेवटी क्रेमाएत नावाची कॉफी, रम जाळून केलेली, दालचिनी आणि लिंबाची साल घालून. काकांनी गोळ्यांचा विचार करून साधी घ्यावी. तुम्हाला पावात "तोर्तिया दे पातातास", म्हणजे बटाटा घातलेलं अंड्याचं जाड ऑम्लेट. हे सगळं ७ ते १० युरोत, आणि नंतर दोनपर्यंत भूक लागत नाही. वस्तीतला कुठलाही बार, जिथं दहा वाजता कामाच्या कपड्यातली माणसं दाटीनं बसलीत, तो चांगला. नाव सांगत नाही, कारण खरंच गरज नाही.

शाकाहाराबद्दल मात्र सावध. माझी आई आली होती, माळकरी बाई. मी ऑफिसला होतो, तिला एका बारमधे शेजारणीबरोबर पाठवलं. भाजलेल्या लाल मिरच्यांच्या पट्ट्या तेलात घातलेल्या आल्या, दिसायला आपल्या भरतासारख्या. निम्मी ताटली संपल्यावर तिला मधेच काही तरी धाग्या-धाग्याचं लागलं. तो खारवलेला कॉड मासा होता. पदार्थाचं नाव एस्गार्राएत. बारवाल्यानं "भाजी आहे" असंच सांगितलं होतं, आणि त्याच्या लेखी त्यात खोटं काही नव्हतं. आईनं दोन दिवस काही खाल्लं नाही, सांगलीला परत गेल्यावर संगमावर जाऊन अंघोळ केली, आणि अजून मला ऐकवते. तसंच कोशिंबिरीत न सांगता ट्यूना मासा घालतात, आणि "वेजिटेबल सँडविच" लिहिलंय त्यातही ट्यूना नाही तर हॅम, म्हणजे डुकराचं मांस, निघू शकतं. भाज्यांचा पाएया मिळतो, नाव "पाएया दे बेर्दुरास", पण पाणी कोंबडीच्या हाडांचं नाही ना ते विचारा. नुसतं "शाकाहारी" म्हणून भागत नाही. कागदावर लिहून न्या: सिन कार्ने, सिन पेस्कादो, सिन हामोन, सिन आतून. मटण नको, मासा नको, हॅम नको, ट्यूना नको.

विश्रामबागची काकू

बापरे, किती छान लिहिलंस! तुझ्या आईंचं वाचून हसू आलं आणि वाईटही वाटलं. चिठ्ठी आजच लिहून पर्समधे ठेवते. पण रात्रीचं काय? आणि उपवासाचं? ह्यांना विचारलं तर म्हणाले, शेंगा मिळतात ना, मग झालं. (हे पाटबंधारे खात्यातनं निवृत्त झालेत, त्यांना जेवणापेक्षा कालवे बघायचेत.)

संगमकाठ

पाटबंधारे? मग काकांसाठी गुरुवारच ठेवा, तुमचा उपवासही त्यातच बसवतो.

दर गुरुवारी दुपारी बारा वाजता कॅथेड्रलच्या दारात पाणी-पंचायत बसते. आठ कालव्यांचे आठ शेतकरी, काळे झगे, लाकडी खुर्च्या. कुणी दुसऱ्याचं पाणी चोरलं तर तिथंच तोंडी निवाडा, कागद नाही, वकील नाही. शेकडो वर्षं चाललंय, २००९ मधे युनेस्कोच्या यादीतही गेलं. बहुतेक वेळा तक्रारच नसते आणि दहा मिनिटांत उठतात. काकांना आपल्या पाणीवाटप संस्थांच्या बैठका आठवतील आणि चक्कर येईल.

तिथनं पाच मिनिटांवर सांता कातालीना नावाचं जुनं ओर्चाताचं दुकान आहे, भिंतींना रंगीत फरशा लावलेलं. ओर्चाता म्हणजे चुफा नावाचे बारके कंद भिजवून, वाटून, गाळून काढलेलं दूध, त्यात साखर, बर्फासारखं गार. कंद, पाणी, साखर. साबुदाणा चालत असेल तर हे न चालायला कारण दिसत नाही, बाकी तुमचा नेम तुम्हाला ठाऊक. सोबत फार्तोन नावाचे लांबुळके गोड पाव देतात, ते मैद्याचे, ते लेकीला. काकांनी एक घोटच घ्यावा. हौस असेल तर ३ नंबरच्या मेट्रोनं अल्बोरायाला जा, चुफाची रानं तिथंच आहेत.

आणि काकांना सांगा, चुफा म्हणजे आपल्या लव्हाळ्याच्या भावकीतलं. खरंच. आपण उसातनं खुरपून बांधावर फेकतो त्याचाच चुलतभाऊ, तिथं वाफे करून लावतात.

रात्रीसाठी खरं तर दुपारीच पोट भरायचं. कामाच्या दिवशी दुपारी बहुतेक हॉटेलांत ठरलेलं ताट असतं, "मेनू देल दिया": दोन पदार्थ, पाव, पेय, शेवटी गोड नाही तर कॉफी, साधारण १४-१८ युरो. चार वाजता उठा. मग रात्री आठला थोडंच लागतं.

कराडकर मुक्काम कास्तेयॉन

संगमकाठांशी बहुतेक सहमत, पण रात्रीबद्दल नाही. मी तासाभराच्या अंतरावर राहतो, टाइल्सच्या धंद्यात आहे, आईवडलांना दोनदा फिरवलंय. म्हाताऱ्या माणसांना "आठला थोडंच लागतं" हे पटत नाही. आमच्या अण्णांना तर आमटी-भात लागतो.

उपाय मेर्कादो सेंत्राल. १९२८ साली उघडलेली मंडई, वर घुमट, आत शेकड्यांनी गाळे. सकाळी जा, दुपारी तीनला आवरतात आणि रविवारी बंद. टोमॅटो, मनुका, बदाम, चीज, पाव, फळं आणून खोलीवर ठेवायचं. मे महिन्यात लोकाट आणि चेरी मस्त असतात. आमच्या आईनं मनुका बघून लगेच तासगावच्या बेदाण्याशी तुलना केली आणि भाव ऐकून परत ठेवल्या. रात्री आठला काकूंनी खोलीवर टोमॅटोची कोशिंबीर करावी, काकांना भाजलेली कोंबडी विकत आणावी. फिरत्या सळीवर भाजून अख्खी देणारी दुकानं वस्तीत असतात, पण ती दुपारची उघडतात, तेव्हाच आणून ठेवा.

बाहेरच खायचं तर कबान्याल भागातलं कासा मोंतान्या, १८३६ पासूनचं, आत मोठमोठी पिंपं. आठच्या सुमाराला थोडं थोडं खायला मिळतं. पातातास ब्राबास मागवा, बटाटा आहे, पण वरच्या लसणाच्या चटणीत अंडं असू शकतं. तुम्हाला चालतं म्हणालात ते बरं.

एल पालमार गावाला जायचं डोक्यात असेल तर जा, भाताची खाचरं आणि आल्बुफेराचं सरोवर बघायला जा. तिथं ओळीनं भाताची हॉटेलं आहेत. रविवारी मात्र नको, आख्खं शहर तिथं लोटतं. तिथला ईल माशाचा लसणाचा रस्सा प्रसिद्ध आहे, अण्णांनी ताटलीकडं बघून "हा साप आहे" म्हणून हात धुतले.

आणि एक. मंडईतनं खायचं घेऊन तुरिया नदीच्या पात्रात बसा. पात्रात म्हणजे बागेतच. १९५७ च्या महापुरानंतर त्यांनी नदीच शहराबाहेर वळवली आणि जुन्या पात्रात नऊ किलोमीटरची बाग केली. अण्णा २०१९ च्या पुरात चार दिवस गच्चीवर होते, ते ऐकून बराच वेळ गप्प बसले. मग त्यांना सांगावं लागलं, की २९ ऑक्टोबर २०२४ ला पाणी आलं ते त्याच नव्या पात्राच्या पलीकडच्या गावांत, आणि दोनशेच्या वर माणसं गेली. आमच्या ओळखीच्या एका घरात भिंतीवरची चिखलाची रेघ अजून आहे.

कंदी पेढा, सातारा

एवढं सगळं होतं तिथं? मी तीन दिवस बटाटा खाल्ला.

विश्रामबागची काकू

कराडकर, अण्णांना नमस्कार सांगा. आमच्याकडं २०१९ ला पाणी आलं नव्हतं, पण गावभागातली नणंद सहा दिवस आमच्याकडं होती. त्या बागेत जाऊन येणारच.

तर ठरलं असं: बुधवारी कासा कार्मेला (लेकीनं फोन केला, जागा मिळाली, भाज्यांचा भात करतील का ते विचारून सांगणारेत), गुरुवारी पंचायत आणि ओर्चाता, शुक्रवारी मंडई आणि नदी. न्याहारी रोज, शेंगांसाठी. कोंबडीचं ह्यांना फारच पटलंय.

लव्हाळ्याचं मात्र ह्यांना वाचून दाखवलं तर चष्मा काढून बसले. आमची वाळव्याकडं दोन एकर आहे, निम्मा जन्म दीर आणि हे लव्हाळा खुरपण्यात गेले. म्हणाले, दूध पी हवं तेवढं, पण त्यातला एक कंद जरी बॅगेतनं आणलास तर विमानतळावरनंच परत पाठवीन.