चिरेखाणीवर पन्नाशीनंतरच्या, जाड माणसाला दुपारी उभं करावं का?

कातळवाट (रत्नागिरी): गेल्या एप्रिलात आमच्याकडच्या खाणीवर चिरे भरताना एक काका मटकन खाली बसले. वय 56, अंगाने जाड. काहीबाही बरळायला लागले, आणि लोक कांदा हुंगायला देत होते! मी अंगावर कळशी ओतली, पंच्याने वारा घातला, रिक्षातून दवाखान्यात नेलं. वाचले. तेव्हापासून मी म्हणतोय, पन्नाशी उलटलेल्यांना आणि जाड माणसांना 11 ते 4 काम देऊ नये. चरबीत पाणी कमी, म्हणून ती स्नायूपेक्षा थोड्या उष्णतेतच तापते. त्यात स्वतःचंच जादा वजन वागवायचं, म्हणजे आतली उष्णता आणखी वाढते.

पन्नाशीपार: साफ चूक. मी 58 चा, आयुष्य खाणीवर गेलं. मे महिन्यात पहिल्याच दिवशी चक्कर येऊन पडला तो पुण्याहून आलेला 22 वर्षांचा सडसडीत पोरगा. अंगाला उन्हाची सवय व्हायला एक-दोन आठवडे लागतात. मग घाम लवकर सुटतो, त्यातून मीठही कमी जातं. महिनाभर सावलीत बसलात की सवय मोडते. वय बघून घरी बसवलंत तर माझी हजेरी कोण भरून देणार?

सिस्टर_राजापूर: दादा, सवयीचं खरं आहे, पण तिने वयाचं सगळं भरून निघत नाही. उतारवयात घाम कमी सुटतो, कातडीकडे रक्त कमी धावतं आणि तहान लागलेली कळतच नाही. बीपीसाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर धोका आणखी. त्या मनाने बंद मात्र करू नका, डॉक्टरांना विचारा.

आणि आपली हवा दमट. घाम नुसता निथळतो, वाळत नाही. वाळल्याशिवाय गारवा कसला? हवामान खातं उष्णतेच्या लाटेसाठी मैदानी भागात किमान 40 अंश बघतं, किनारपट्टीवर 37 पासूनच.

कातळवाट: मग माझंच म्हणणं खरं ठरलं ना?

सिस्टर_राजापूर: अर्धंच. तुमच्या नियमात तो 22 वर्षांचा पोरगा बसत नाही. नव्या माणसाला पहिल्या दिवशी थोडंच काम द्या, मग रोज वाढवा. दुपारची सुट्टी सगळ्यांनाच द्या.

पन्नाशीपार: सगळ्यांना असेल तर मी तयार आहे. पहाटे 5 ला सुरू करू. पण हजेरी पूर्ण हवी, आणि खाणीवर सावलीला निदान एक मांडव घाला. आज पाण्याचा ड्रमसुद्धा उन्हातच तापतोय.

कातळवाट: मांडवाचं उद्याच मालकाशी बोलतो. हजेरीचं बोलायला तुम्ही सोबत या.