जुन्या ब्रॉडहेडची ओळख कशी पटवावी?

रानवाट (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. आम्ही मिशिगनमध्ये, ग्रेलिंगपासून तासाभराच्या अंतरावर राहतो. आमच्या शेजारचे आजोबा गेल्या हिवाळ्यात वारले; ते तरुणपणापासून धनुष्यबाणाने हरणाची शिकार करीत असत. घर आवरताना त्यांच्या मुलीने तंबाखूचा एक पत्र्याचा डबा माझ्याकडे सोपवला. त्यात शिकारीच्या बाणाची २३ टोके आहेत; अशा धारदार पात्यांच्या टोकाला ब्रॉडहेड म्हणतात. बहुतेक दोन पात्यांची, काही चार पात्यांची, दोन टोके तीन पात्यांची आणि एक चक्क दगडाचे. चार टोकांमध्ये लाकडी काडीचे तुकडे अजून अडकलेले आहेत. सोबत पुठ्ठ्याची एक रिकामी डबी असून तिच्यावर ‘बेअर आर्चरी, ग्रेलिंग, मिशिगन’ एवढेच वाचता येते. आजोबांच्या नातवासाठी या सर्वांची व्यवस्थित नोंद करून ठेवावी, अशी माझी इच्छा आहे. कोणते टोक कोणाचे आणि साधारण कोणत्या काळातील, हे कशावरून ठरवावे? गंज काढून टाकला तर चालेल का?

व्याध

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तिथे झालेली चूक पुन्हा दुरुस्त होत नाही. कृपया गंज खरवडू नका. पंधरा वर्षांपूर्वी मी एक टोक तारेच्या ब्रशने घासून लखलखीत केले आणि त्याबरोबर त्यावरचा मूळ काळा रंग व नळीजवळची पितळी झाळ (वितळवलेल्या पितळाचा जोड) हीही गेली. त्या दोन्हींवरूनच त्याचा कर्ता ओळखू आला असता. ते टोक आजही माझ्याजवळ आहे, पण ते कोणाचे हे मला सांगता येत नाही. मऊ कापडाने धूळ पुसा, शिलाई मशीनच्या तेलाचा अगदी पातळ हात द्या आणि तिथेच थांबा. पाती जुनी असली तरी त्यांची धार गेलेली नसते, म्हणून प्रत्येक टोक थर्मोकोलमध्ये खोचून ठेवा.

आता ओळखीविषयी. नवखा माणूस पात्यांचा आकार पाहतो. पण आकाराची नक्कल सर्वांनीच केली असल्याने आपण आधी नळी पाहावी. काडीवर बसणाऱ्या या निमुळत्या नळीला फेरूल म्हणतात. ती पत्रा गुंडाळून केली आहे की सळई कोरून, पाती तिला झाळली आहेत, रिव्हेटने जोडली आहेत की स्पॉट वेल्डिंगचे गोल ठिपके दिसतात, हे भिंगातून पाहून लिहून ठेवा. लोहचुंबक लावून पाहा. पाती चिकटली आणि नळी चिकटली नाही, तर नळी बहुधा ॲल्युमिनियमची आहे. नळी आतून पोकळ व निमुळती असेल तर टोक सरसाने किंवा लाखेसारख्या सिमेंटने काडीवर चिकटवण्याचे असते. मागे आटे असलेला स्क्रू असेल तर ते बरेच अलीकडचे समजावे, कारण आट्यांची टोके १९७० च्या दशकात रुळली. वजन ग्रेनमध्ये घ्यावे; १२५ ग्रेन म्हणजे जवळपास ८.१ ग्रॅम, त्यामुळे स्वयंपाकघरातील काटा येथे पुरेसा पडत नाही.

चार पात्यांच्या टोकांत, दोन मोठ्या पात्यांना मध्यभागी आडवी चीर असून तीत दाढीच्या ब्लेडसारखे पातळ पाते सरकवलेले आहे का, हे अवश्य पाहा. फ्रेड बेअर यांच्या कंपनीने, म्हणजे आपल्या डबीवरच्या बेअर आर्चरीने, १९५६ मध्ये बाजारात आणलेल्या रेझरहेडची ती खूण आहे. हे आतले पाते बहुधा हरवलेले असते. आपल्याकडे ते असेल तर जपून ठेवा आणि गंजाने अडकले असेल तर ओढू नका.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. नाव ओळखले म्हणजे वय कळले असे होत नाही. मिनेसोटाच्या झ्विकी या उत्पादकांचे ‘एस्किमो’ नावाचे टोक किंवा प्रसिद्ध धनुर्धर हॉवर्ड हिल यांच्या नावाचे लांबट, दोन पात्यांचे टोक अनेक दशके जवळपास त्याच रूपात बनत आले आहे. अशा वेळी टोकापेक्षा त्याची डबी अधिक बोलते.

कागदपत्र

व्याध यांच्या शेवटच्या वाक्याला मी जोड देतो, कारण माझा सगळा छंदच डब्यांचा आहे. अमेरिकेत झिप कोड (भारतातल्या पिन कोडसारखा टपाल क्रमांक) १ जुलै १९६३ रोजी सुरू झाला. पत्त्यात पाच आकडी कोड असेल तर ती डबी त्यानंतरची, हे निश्चित. कोड नसेल तर ती आधीची असण्याची शक्यता वाढते, खात्री मात्र देता येत नाही, कारण छापून ठेवलेल्या जुन्या डब्या संपेपर्यंत कारखाने त्याच वापरत. बेअर यांचा कारखाना १९४७ मध्ये ग्रेलिंगला आला आणि १९७८ मध्ये फ्लोरिडातील गेन्सव्हिलला हलला, तेव्हा आपल्या डबीला एवढी चौकट तर आताच मिळाली. अमेरिकी पेटंटचा क्रमांक दिसला तर आणखी सोपे: २० लाखावा क्रमांक १९३५ मध्ये, ३० लाखावा १९६१ मध्ये आणि ४० लाखावा डिसेंबर १९७६ मध्ये दिला गेला. मात्र क्रमांकावरून फक्त ‘याच्या आधीचे नाही’ इतकेच ठरते. तोच क्रमांक पुढे अनेक वर्षे छापला जातो.

काडीचे तुकडे टोकांपासून कृपया वेगळे करू नका. त्यांचा व्यास मोजा. लाकडी काड्या साधारणपणे ५/१६, ११/३२ किंवा २३/६४ इंचाच्या असतात.

गारगोटी

दगडी टोकाबद्दल थोडेसे. ते या संग्रहातले असले तरी त्याची गोष्ट निराळी आहे. ते मोठे व जड असेल, तर ते बाणाचे नसून फेकदांड्याने फेकायच्या हलक्या भाल्याचे असण्याची शक्यता अधिक आहे. उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागात धनुष्य सर्रास वापरात आले ते साधारण इ. स. ५०० ते ७०० च्या सुमारास. खरी बाणाची टोके बहुधा लहान, पातळ आणि त्रिकोणी असतात. ते कोठे सापडले, हे आजोबांच्या मुलीला विचारून आजच लिहून घ्या. संघराज्याच्या मालकीच्या जमिनीवरून अशा वस्तू परवान्याविना उचलता येत नाहीत, म्हणून जागेची नोंद कायद्याच्या दृष्टीनेही महत्त्वाची आहे.

रानवाट

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री भिंग घेऊन बसले. पाच टोकांना आडवी चीर आहे, त्यांपैकी दोघांत पातळ पाते शाबूत आहे. ओढून पाहिलेले नाही. डबीवर झिप कोड नाही. काडीच्या एका तुकड्यावर पेन्सिलने ‘नोव्हें. ६१’ असे लिहिलेले दिसले. हे टोक रेझरहेड नाही. दोन पात्यांचे, झाळलेले आहे. दगडी टोक आजोबांना त्यांच्या वडिलांच्या बटाट्याच्या शेतात नांगरताना मिळाले होते, असे त्यांच्या मुलीने सांगितले; शेताचे नाव आणि गाव मी वहीत उतरवून घेतले आहे. बारीक मापे घेण्यासाठी व्हर्नियर मागवला आहे, मापे आली की त्या झाळलेल्या टोकाचे छायाचित्र येथे देते.