मदत हवी आहे: कार्टसाठी पहिलं इंजिन कोणतं घ्यावं?

मंडळी, मुलगी भाड्याच्या कार्टवरून (गो-कार्ट, शर्यतीची छोटी गाडी) आता स्वतःच्या कार्टकडे वळतेय आणि गाडं इंजिनपाशी अडलंय.

एक पर्याय ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं एलओ२०६. २०४ सीसी, फोर-स्ट्रोक, एअर-कूल्ड, कारखान्यातूनच सील होऊन येतं. आत हात घालायचा नाही, ६१०० आरपीएमला लिमिटर, म्हणजे त्याच्या वर फेरे जातच नाहीत. वयोगट बदलला की कार्ब्युरेटरमधली स्लाइड (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी सरकती पट्टी) बदलायची, इंजिन तेच. हे मला फार पटलंय. दुसरा रोटॅक्स मॅक्स: १२५ सीसी, टू-स्ट्रोक, वॉटर-कूल्ड. वेग भारी, पण ठरावीक तास झाले की पिस्टन-बेअरिंगचा खर्च आलाच, आणि सील उघडायचं तर अधिकृत सर्व्हिस सेंटरच लागतं.

माझी खरी काळजी वेगळी आहे. सील असलं तरी काही जण चार इंजिनं डायनोवर (ताकद मोजायच्या यंत्रावर) लावून त्यातलं सरस तेवढं ठेवतात. नियमात बसतं ते, पण एकाच इंजिनावर पळणाऱ्या पोरांचं काय? तुमच्या क्लबात यावर काही तोडगा काढलाय का, म्हणजे चिठ्ठ्या टाकून इंजिनं वाटणं वगैरे?

शिवाय जुनं रोटॅक्स घेताना सील नंबर आणि लॉगबुक (इंजिनाच्या कामाची नोंदवही) जुळवण्यापलीकडे काय तपासावं? स्वतः हंगाम काढलेल्यांनी कृपया सविस्तर सांगा. टायरचा खर्च इंजिनापेक्षा जास्त होतो का, तेही.