मदत हवी आहे: टीजीएसएस-एनव्हीएसएस जुळवणी आणि तरुण रेडिओ दीर्घिका

नमस्कार मंडळी, नागपुरात एमएस्सीला आहे. प्रोजेक्ट दूरच्या रेडिओ दीर्घिकांवर (रेडिओ लहरींत तेजस्वी दिसणाऱ्या दीर्घिका). आमच्याकडे रेडिओ खगोलशास्त्रातलं कुणी हाताशी नाही, म्हणून इथेच विचारतो.

खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीचं आकाश-सर्वेक्षण टीजीएसएस (150 मेगाहर्ट्झ) आणि अमेरिकेतल्या व्हीएलए दुर्बिणीचं एनव्हीएसएस (1400 मेगाहर्ट्झ) यांच्या स्रोतांच्या याद्या टॉपकॅट या सॉफ्टवेअरमध्ये जुळवतोय. समजा एका स्रोताची तीव्रता 150 ला 400 मिलीजान्स्की (रेडिओ तीव्रतेचं एकक) आणि 1400 ला 20, तर वर्णपटाचा उतार येतो साधारण −1.34. दूरच्या दीर्घिकांचा उतार बहुधा तीव्र असतो; हा −1.3 पेक्षा तीव्र, म्हणजे दूरचा उमेदवार. इथवर ठीक.

घोडं अडतं ते पुढे. टीजीएसएसची विभेदनक्षमता (किती बारीक तपशील वेगळा दिसतो ते) 25 आर्कसेकंद, एनव्हीएसएसची 45. दोन लोब (दोन्ही बाजूंचे रेडिओ फुगवटे) असलेल्या दीर्घिकेच्या टीजीएसएसमध्ये दोन नोंदी, एनव्हीएसएसमध्ये एकच. जवळची एकच नोंद धरली तर उतार चुकतोच. तुम्ही आधी दोन्ही नोंदींची बेरीज करता, की अशा जोड्या सरळ वगळता? जुळवणीची त्रिज्या (दोन याद्यांतल्या स्थानांत किती अंतर चालेल ती) किती ठेवता?

दुसरं, तरुण दीर्घिका. त्या आटोपशीर असतात, स्वशोषणामुळे (स्रोत स्वतःचंच उत्सर्जन शोषतो) कमी वारंवारितेला त्यांचा वर्णपट खाली वळतो. दोनच बिंदूंवरून हे वळण कसं दिसणार? ग्लीम हे सर्वेक्षण (72 ते 231 मेगाहर्ट्झ) घ्यावं म्हटलं, पण ते आकाशात +30 अंश क्रांतीच्या उत्तरेला नाही, आणि त्याचा बीम (दृश्य ठिपका) इतका मोठा की शेजारचे स्रोत एकत्र होतात. उत्तरेला युरोपातल्या लोफार दुर्बिणीचं लॉट्स सर्वेक्षण आहे, पण ते 144 मेगाहर्ट्झभोवतीच, म्हणजे टीजीएसएसच्या शेजारीच. मग वळण पकडायला कुठला डेटा घ्यावा?

गाईड म्हणतात, 'पेपर वाच.' वाचतोय हो! पण कुणी स्वतः केलं असेल तर कृपया सांगा. आणि टीजीएसएसच्या फ्लक्स स्केलमध्ये (तीव्रता मोजण्याच्या मापात) आकाशाच्या भागानुसार फरक पडतो, तो कसा दुरुस्त करता तेही.