रात्री गाण्याचा आवाज सपाट का वाटतोय?

राजारामपुरीकर: भावांनो, घरात वायफायवर गाणी लावतोय, सकाळी तानपुरा कसा भरून येतोय आणि रात्री नऊनंतर तेच गाणं सपाट, झांजा तर खरखरत्यात, स्पीकर तोच, जागा तीच, माझे कान बिघडले काय?

रंकाळा_काठ: कान बरोबर हैत. क्वालिटी ऑटोवर असणार, रात्री नेट स्लो झालं की ॲप 320 केबीपीएसवरनं (म्हणजे सेकंदाला गाण्याचा किती डेटा येतोय ते माप) 96 वर पण उतरतंय, मग पहिला मार झांजांवरच. सेटिंगमधी हाय फिक्स कर नायतर डाउनलोड करून ऐक.

शाहूपुरी_४१६: ब्लूटूथ असेल तर वायर लावून पण बघ. आणि दोन्ही वेळी व्हॉल्यूम सारखाच ठेव, जरा कमी असला तरी बेस फिका वाटतोय.

राजारामपुरीकर: ऑटोवरच होतं की ओ! डाउनलोड करून आत्ताच ऐकलं, तानपुरा परत आला.