‘आंधळं दळतं...’ : चूक कुणाची?

शंकासुर : अंध कामगारांच्या इतिहासावरच्या एका लेखात ‘आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं’ ही म्हण वाचून अडखळलो. मी ती आजवर गलथान कारभारासाठीच वापरली. नेमका अर्थ काय? आणि ‘आंधळं’ नपुंसकलिंगी कसं?

जुनाजाणता : राबणारा एक, फायदा भलत्याला, आणि बघायला कुणीच नाही. लिंगाचं म्हणाल तर येडं, म्हातारं, पोरगं तसंच आंधळं. कधी कीव, कधी तुच्छता. ‘दृष्टिहीन’मध्ये ही तुच्छता नाही, पण म्हणीत तो शब्द बसवून बघा बरं!

पाटीपेन्सिल : मला यातलं ‘दळतं’ महत्त्वाचं वाटतं. ‘आंधळा मागतो एक डोळा’मधला आंधळा मागतो, इथला काम करतो. इतिहासही आधी मागण्याचाच. 13व्या शतकात नवव्या लुई राजाने पॅरिसमध्ये 300 अंधांसाठी आश्रम काढला. त्याच्या फ्रेंच नावाचा अर्थ ‘पंधरा विसा’ (आपल्या आज्या मोजायच्या तसं!). तिथले रहिवासी शहरात भीक मागत. 1784 मध्ये व्हॅलेंटिन आयुई या फ्रेंच शिक्षकाला अंधांच्या शाळेसाठी पहिला विद्यार्थी मिळाला, तोही भीक मागणारा. फ्रांस्वा लेस्युअर त्याचं नाव. शिकायला बसला तर कमाई बुडणार, म्हणून ती भरून द्यायचं आयुईने कबूल केलं, तेव्हा कुठे तो आला.

पुढे कामं आली : टोपल्या विणणं, खुर्च्यांना वेत भरणं, ब्रश बनवणं, पियानो सुरात लावणं. आता पीठ कुणी खाल्लं ते बघा. अमेरिकेत 1938 च्या कायद्याने किमान वेतन ठरलं, पण अपंग कामगारांना त्याहून कमी द्यायची परवानगीही त्याच कायद्यात होती. अंधांच्या कार्यशाळांतला माल सरकारने घ्यावा, हा कायदाही त्याच वर्षीचा. मालाला गिऱ्हाईक पक्कं, मजुरी मात्र कच्ची.

जुनाजाणता : म्हणजे आंधळ्याच्या हलगर्जीपणाची म्हण असं जे सर्रास मानतात, ते चूकच. जातं ओढायला डोळे कशाला? पीठ जाडं की बारीक, ते चिमटीलाच कळतं.

पाटीपेन्सिल : अगदी! बार्बिए या फ्रेंच लष्करी अधिकाऱ्याच्या उठावाच्या लिपीत 12 टिंबं होती, लुई ब्रेलने त्यांची 6 केली ती याच हिशेबाने. अख्खं अक्षर एका बोटाखाली मावलं पाहिजे.

शंकासुर : पटलं. मग गलथान कारभाराला काय म्हणू? ‘अंधेर नगरी’?

जुनाजाणता : त्यातही अंधारच! ‘सावळा गोंधळ’ म्हणा.