किटचे स्पीकर जोडले, पण डग्गा एकाच सुरात बोलतोय

वडगावचा_माग

नमस्कार मंडळी. राहायला वडगाव, बेळगाव. खाली दोन पॉवरलूम, वर माझी खोली. त्यामुळे गाणं ऐकायचं ते रात्री माग बंद झाल्यावरच. तेवढ्या दोन तासांसाठी दिवाळीत स्पीकरचं किट मागवलं: साडेसहा इंची वूफर (खालच्या सुरांचा स्पीकर), एक इंची डोम ट्वीटर (वरच्या सुरांचा), आवाज या दोघांत वाटून देणाऱ्या क्रॉसओव्हरचे सुटे भाग आणि एक नकाशा. डबे आपले आपण करायचे. ते १८ मिमी जाड एमडीएफच्या (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या) फळ्यांत सुतारमामांनी करून दिले. मामा म्हणजे आईचे चुलतभाऊ, जन्मभर कपाटं आणि देव्हारे करत आलेत. सांध्यात ब्लेडचं पातं जाणार नाही असं काम.

क्रॉसओव्हर मी जोडला. कॉइल एकमेकींपासून लांब, काटकोनात, नकाशात होत्या तशाच. पहिला मान कुमार गंधर्वांना, कारण १९२४ साली ते जन्मले ते सुळेभावीत, इथून जवळच. तंबोरे झकास. तबल्याची चाट टकटकीत. पण डग्गा! मनगट घासून वर चढवलेला तो ‘घुंऽऽव’ येतच नाही. दर वेळी तोच ‘ढब’. शेजारी कुणीतरी गादी झोडपतंय म्हणा ना. भिंतीपासून दोन फूट पुढे ओढून बघितले, जरा कमी झालं, गेलं नाही. वूफरच खराब आलाय का?

निपाणी_रेडिओ

खराब वूफर खरखरतो, असा ढबढबत नाही. आधी तारा बघा. दीड व्होल्टचा साधा सेल घ्या, त्याचं प्लस वूफरच्या लाल टोकाला क्षणभर टेकवा. कोन बाहेर आला पाहिजे. दोन्ही वूफरवर करा. ट्वीटरला मात्र सेल लावायचा नाही, फुकट जाईल.

मग दोन्ही स्पीकर समोरासमोर, वीतभर अंतरावर ठेवा. मोनो, म्हणजे दोन्हीकडे एकच आवाज लावा आणि एकाच्याच तारा उलटसुलट करून ऐका. ज्या जोडणीत खालचा आवाज भरतो ती बरोबर.

वडगावचा_माग

केलं. दोन्ही कोन बाहेर आले. एकाच्या तारा उलटवल्या तर बेस पार गायब झाला, म्हणजे आधीचीच जोडणी बरोबर होती. ढब कायम.

खानापूरकर

ढबचं मला कळत नाही. पण एमडीएफच्या कापलेल्या कडा उघड्या ठेवल्या असतील तर आताच बंद करा. आमच्याकडच्या पावसात कड पाणी पिते आणि पापडासारखी फुगते. फेव्हिकॉल पाण्यात पातळ करून दोन हात द्यायचे, वाळल्यावर पॉलिश पेपर, मग रंग. मी पहिल्या जोडीला नुसता रंग मारला होता. ती जोडी आता कोंबड्यांच्या खुराड्यावर झाकण आहे.

उद्यमबाग_पॅटर्न

डब्याचं माप टाका. बाहेरून मोजलेलं.

वडगावचा_माग

उंची ३६०, रुंदी २००, खोली २५० मिमी. कागदावर होतं तेच, एक मिलिमीटर इकडेतिकडे नाही. मामांचं काम आहे साहेब.

उद्यमबाग_पॅटर्न

तिथंच घोळ झालाय. ३६० × २०० × २५० म्हणजे बरोबर १८ लिटर. नकाशावालं माप आतल्या हवेचं असणार. कपाट करणारा माणूस बाहेरून मोजतो, कारण कपाट भिंतीत बसलं पाहिजे. दोन्ही बाजूंच्या फळ्या मिळून ३६ मिमी प्रत्येक मापातून गेले: आत राहिलं ३२४ × १६४ × २१४. गुणून बघा, ११.४ लिटर भरतं. वूफरचा मागचा भाग, क्रॉसओव्हर, आणि डब्यातली हवा बाहेर खेळवून बेस वाढवणारी नळी यांची जागा धरली तर त्याहूनही कमी. मामांना बोल लावू नका. मी फाउंड्रीत पॅटर्न, म्हणजे ओतकामाचे नमुने करतो. बीड थंड होताना आकसतं, त्यासाठी कास्टिंगला मीटरमागे दहा मिलिमीटर जास्त धरतो, म्हणून माप हातात आलं की पहिला प्रश्न हाच असतो: कुठलं माप?

आता ढबचं. बाटलीच्या तोंडावर फुंकर मारा, मग अर्धी पाण्याने भरून परत मारा. सूर वर चढतो. तुमच्या डब्याच्या नळीचं तेच झालंय. नळी केवढी आहे?

वडगावचा_माग

आतला व्यास ५० मिमी, लांबी १५० मिमी. १८ लिटरचं कालच नकाशात बारीक अक्षरात सापडलं. ‘आतील’ असंही लिहिलंय. मीच मामांना फक्त आकडे उतरवून दिले होते.

उद्यमबाग_पॅटर्न

मग हिशोब जुळतो. १८ लिटरमध्ये ही नळी साधारण ४२ हर्ट्झला बोलली असती, आता ५३ च्या आसपास बोलते. त्या सुराच्या जरा वर आवाजाला उंचवटा येतो, तोच तुमचा ढब. आणि त्या सुराच्या खाली आवाज धाडकन पडतो. नळी लांबवून ४२ वर आणायची तर ती जवळपास २५७ मिमी लागेल, आणि डब्याची आतली खोली २१४. कोपर लावून वळवता येईल, पण मी त्या फंदात पडणार नाही.

आज रात्री एवढंच करा: नळ्यांत मोजे गच्च कोंबा. डबा बंद झाला की बेस कमी होईल, पण सूर खाली जाईल तसा धाडकन न पडता हळूहळू उतरेल.

वडगावचा_माग

मोजे कोंबले. खाली माग थांबल्यावर ऐकलं. डग्गा बोलला हो! भरदारपणा नाही, पण सूर कुठून कुठे गेला ते कळतं. बायको म्हणाली, धुतलेले तरी कोंबायचे.

नवे डबे करायचे ठरलं. बाहेरून ३९६ × २३६ × २८६, बरोबर ना? मामांना सांगितलं तर ते म्हणाले, “तू दिल्यास त्या मापानंच केलोय की. आतलं म्हणून लिवायला काय झालेलं तुला?” मग कागद ओढून घेतला, कानामागची पेन्सिल काढली आणि तिन्ही आकड्यांपुढे ‘भायेर’ असं लिहिलं. जुन्या डब्यांत ते आता खिळे ठेवणार आहेत.

उद्यमबाग_पॅटर्न

बरोबर. वूफरच्या भोकाचं माप मात्र तेच ठेवायला सांगा, नाहीतर त्यातही ३६ वाढवतील.